शिवेवर पहिला भेटेल तो

रोमचा पुजारी आमच्या अर्कुला गावाची शीव ओलांडून आत आला, तेव्हा माझे दाजी झुडपाआड बसले होते. कशासाठी ते शेतकऱ्याला सांगायला नको. पेरणीचे दिवस होते. नांगर अर्ध्या तासात, म्हणजे अर्ध्या ओढलेल्या सरीत, सोडलेला होता, बैल उभ्या उभ्या रवंथ करत होते, आणि आदल्या दिवशी माझ्या बहिणीनं, म्हणजे रुतिला अक्कानं, केलेली सलगमाची भाजी दाजींना नेहमीप्रमाणे बाधली होती. मी शेजारच्या रानात दगड वेचत होतो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पुजाऱ्याच्या डोक्याला लोकरीची पट्टी होती आणि मागे तिघं जण. एकाच्या हातात मुळासकट उपटलेलं हिरवं गवत. रोमकरांना कुणाशी भांडण काढायचं असलं की आधी या माणसाला पाठवतात. त्यानं शीव ओलांडायची आणि पहिला जो माणूस दिसेल त्याच्यासमोर उभं राहून, त्यांच्या जुपितर देवाला साक्षी ठेवून, सगळी तक्रार म्हणायची. मग वेशीत पहिला भेटेल त्याला, मग चावडीवर. पहिला माणूस कोण असावा याला काही अट नाही. गावचा म्होरक्या असो नाहीतर डुकरं राखणारा, दिसला की झालं.

पुजाऱ्याला झुडपावर दाजींचं डोकं दिसलं.

"हे जुपितरा, ऐक!" तो गरजला. "हे अर्कुलाच्या शिवांनो, ऐका!"

दाजी दचकले. उठावं तर पंचाईत आणि बसावं तर पंचाईत. "अवं, वाईच थांबा की," ते म्हणाले. "मोकळा तरी हुतो."

पुजाऱ्याचं तोंड कडू झालं. मंत्रात कुणी मध्ये बोललं तर तो बाटतो, पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागतो. त्यानं डोळे मिटून दम घेतला. "हे जुपितरा, ऐक! हे अर्कुलाच्या शिवांनो, ऐका! मी रोमच्या लोकांचा दूत..."

दाजींना सटकन शिंक आली.

तिसऱ्या खेपेला दाजींनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मग अंगरखा धरायला हात उरला नाही. तशा अवस्थेत त्यांनी रोमची तक्रार शेवटपर्यंत ऐकली.

"रोमच्या नुमेरीचा तांबडा बैल, उजवं शिंग खाली वळलेला, अर्कुलाच्या लोकांनी नेला आहे. तो बैल आणि तो नेणारी माणसं आमच्या हवाली करा. आजपासून तेहतीस दिवसांची मुदत. हे मी अन्यायानं मागत असेन, तर माझे पाय पुन्हा माझ्या गावाला लागू नयेत."

एवढं म्हणून तो वेशीकडे चालता झाला. तांबडा बैल, उजवं शिंग खाली वळलेला, तिथून वीस पावलांवर दाजींच्या नांगराला जुंपलेला होता. पुजारी त्याच्या शेपटीजवळून गेला, पण त्यानं मान वळवून पाहिलं नाही. बैल ओळखणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

आता खरं सांगतो. तांबडा कुणी चोरला नव्हता. नुमेरीचं शेत शिवेपलीकडे, अगदी दाजींच्या शेताला लागून, आणि त्याच्या कुंपणाला हे एवढं भगदाड. उन्हाळ्यात तांबडा त्यातून आला, अक्काच्या परसातला सलगमाचा पाला खाल्ला आणि तिथंच बसला. आम्ही दोनदा हाकलला, दोनदा परत आला. दाजींचा एक बैल त्याच वसंतात मेला होता, एकटा ढवळ्या उरला होता. तिसऱ्यांदा हाकलायला कुणी उठलं नाही.

गावातल्या रिकामटेकड्यांनी मात्र सांगत फिरायला सुरुवात केली की आम्हीच रात्री शीव ओलांडली, राखणदारांना लोळवलं आणि बैल आणला. आमचा म्होरक्या फेर्तोर. त्याला असल्या गोष्टी फार लागायच्या. त्या दिवशी चावडीवर पुजाऱ्यानं तक्रार म्हटली, तर फेर्तोरनं छाती पुढे काढली.

"व्हय, आणलाय!" तो म्हणाला. "अर्कुलाच्या मर्दांनी आणलाय. हिंमत असंल तर न्या!"

लोकांनी माना डोलावल्या. फेर्तोरचं शेत डोंगराच्या अंगाला होतं, शिवेपासून सगळ्यात लांब.

दाजी घरी आले ते उंबऱ्यातच बसले.

"त्यानं मला सांगितलं," ते म्हणाले. "गावाला न्हवं. मला. जुपितराम्होरं."

"आन् तुमी तसंच बसून ऐकलं?" अक्का म्हणाली.

"मग काय करू, रुतिला? उठलो असतो तर जुपितरानं बघितलं असतं."

मला हसू आवरेना, पण अक्का हसली नाही. शेजारच्या खोऱ्यातल्या गावाचं काय झालं ते आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं. आधी बकरं की काय ते हरवलं, मग पुजारी आला, मग मुदत सरल्यावर शिवेवरून भाला पडला, म्हणजे लढाई. आता तिथं रोमकर कांदे लावतात. आणि रोमकर गाव खायला लागले की शिवेकडून सुरुवात करतात. शिवेवरचं पहिलं शेत दाजींचं होतं.

"उद्या सकाळी न्हेऊन देतो त्याचा बैल," दाजी म्हणाले.

"उद्या?" अक्का कडाडली. "आन् पेरायचं कशानं? एकट्या ढवळ्यानं? तेहतीस दिस दिल्यात न्हवं? बत्तीस दिस वापरायचा, तेहतिसाव्याला द्यायचा. त्यांनीच दिल्यात, आपण काय मागाय गेलो न्हवतो."

तिनं कोनाड्यातलं मडकं काढलं आणि त्यात एक खडा टाकला.

ही बातमी गावात फुटायला वेळ लागला नाही. तांबडा जाणार म्हटल्यावर सगळ्यांना त्याची आठवण आली. चौथ्या दिवशी कुंभार आला. "जाणारच हाय न्हवं त्यो? मग एक दिस माती व्हायला दे की." सातव्या दिवशी फेर्तोरची मेहुणी आली, तिला ऑलिव्हचा घाणा फिरवायचा होता. नवव्या दिवशी मी स्वतः गेलो, खोटं कशाला बोलू. अक्कानं मला बैल हाकायची पराणी दाखवली आणि दारातूनच परत पाठवलं.

दाजी पहाटेपासून जुंपायचे. ढवळ्या म्हातारा, तांबडा दांडगा, त्यामुळे नांगर सारखा एका अंगाला जायचा आणि दाजी नांगराच्या मुठीवर, रुमण्यावर, पोट दाबून तो सरळ करायचे. पोटावर हे एवढं काळंनिळं झालं होतं. अक्का मागून खपली गव्हाचं बी टाकत यायची आणि ढेकळं फोडायची. दुपारी लापशी आणि कांदा, बांधावरच.

शिवेपलीकडे नुमेरी कुदळीवर हनुवटी टेकून उभा असायचा. स्वतःचं रान तसंच पडलेलं, पण आमच्याकडे मात्र त्याचं भारी लक्ष.

"झ्याक तास चाललाय!" तो ओरडायचा.

"तुझाच बैल हाय," दाजी ओशाळून म्हणायचे. "देतो बरं का. मुदतीत देतो."

"सावकाश रं! खालच्या कोपऱ्यात वाईच खोल घाल. तिथं पाणी साठतं."

दाजींना फार बरं वाटायचं. असा शेजारी मिळायला पुण्य लागतं, असं ते मला दोनदा म्हणाले.

तिसाव्या दिवशी फेर्तोर चार माणसं घेऊन रानात आला आणि त्यानं भर तासातून तांबडा सोडवला.

"ह्यो बैल आता तुझा न्हाई, वोलेरो," तो दाजींना म्हणाला. "ह्यो गावाची इज्जत हाय. गावाची इज्जत माझ्या गोठ्यात ऱ्हाईल."

"तिला सलगमाचा पाला लागतो," अक्का म्हणाली. "न्हाईतर इज्जत हंबरती."

दोन पट्टे पेरायचे राहिले होते. अक्कानं जू उचललं, ढवळ्याच्या एका बाजूला बांधलं आणि दुसऱ्या बाजूला दाजींकडे बघत राहिली. दाजींनी मान खाली घातली आणि जुवाखाली गेले. मी रुमणं धरलं. दोन दिवस माझी बहीण पुढून दोघांना हाकत होती.

"उजवीकडं! अवं, उजवीकडं म्हंते न्हवं? ढवळ्याला समजतंय, तुमाला समजंना?"

गावातली माणसं बांधावर येऊन बसली. कुणी विचारलं, वोलेरोला रात्री दावणीला बांधता का घरात घेता? दाजी ओढत राहिले. त्यांच्या मानेचं कातडं सोललं होतं आणि त्यावर अक्कानं मेंढीची चरबी लावली होती. मी रुमण्यामागे चालत होतो आणि मला त्या बसलेल्या एकेकाच्या डोक्यात ढेकूळ घालावंसं वाटत होतं. पण पेरा पुरा झाला.

तेहतिसाव्या दिवशी सकाळी अक्का पाल्याचा भारा घेऊन फेर्तोरच्या गोठ्यात गेली. भाऱ्यात मेंढीच्या दुधाचं एक गाडगं होतं, घुसळून घुसळून फेस आणलेलं. थोड्या वेळानं ती बोंब मारतच बाहेर आली.

"खुरकूत! अगं बाई, खुरकूत आलं तांबड्याला! तोंडाला फेस आलाय!"

फेर्तोरच्या गोठ्यात त्याचे स्वतःचे सहा बैल आणि अकरा गाई होत्या. तो जेवणावरून उठून पळत आला, दुरूनच तांबड्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पांढरा पडला.

"काढा त्याला! आधी बाहेर काढा!"

"कुठं न्हेऊ?" अक्कानं विचारलं. "गावची इज्जत हाय म्हणत हुता."

"शिवेबाहेर घालव! माझ्या नावानं घालव! मी म्होरक्या सांगतोय!"

"समदी ऐकताय न्हवं?" अक्का गर्दीकडे वळून म्हणाली. "म्होरक्या सांगतोय."

आम्ही शिवेवर पोचलो तेव्हा पलीकडे पुजारी आधीच उभा होता. या खेपेला हातात लोखंडी टोकाचा भाला, आणि साक्षीला तीन माणसं. नुमेरी त्यांच्याशेजारी धुतलेला अंगरखा घालून उभा होता. आम्हांला बघून त्याचं तोंड उतरलं.

"आणला बाबा तुझा बैल," दाजी हसत म्हणाले आणि दावं पुढे केलं.

नुमेरीनं हात मागे घेतले. "नगं."

"नगं म्हंजे?"

"बैल नगं मला. न्हे माघारी."

"अरं, पर तुझाच हाय त्यो!"

"ठाव हाय मला!" नुमेरी रडकुंडीला आला. "वोलेरो, तू माणूस चांगला, म्हणून सांगतो. आमच्या थोरल्यांनी शब्द दिलाय मला, बैल गेला तर जमीन मिळंल. ह्योच तुकडा. चार पोरं हायत माझी, माझ्या रानात दगडाबिगर काय बी उगवत न्हाई. बैल घेतला की जमीन गेली."

दाजींना समजायला वेळ लागला. त्यांनी मागे वळून आपलं पेरलेलं रान पाहिलं, सरळ सरळ तास पाहिले, खालचा कोपरा पाहिला, जिथं त्यांनी नुमेरीच्या सांगण्यावरून खोल घातलं होतं. मग त्यांनी तांबड्याच्या ढुंगणाला खांदा लावला आणि त्याला शिवेपलीकडे ढकललं. नुमेरीनं पुढून शिंगं धरून त्याला अलीकडे रेटलं. दाजींनी पुन्हा ढकलला. दोघंही घामाघूम झाले, दोघांच्याही तोंडाला आता खरा फेस आला. तांबड्याला वाटलं असावं की ही नांगरटीचीच काही नवी तऱ्हा आहे. तो मुकाट्यानं मागेपुढे होत राहिला.

"ह्यो आजारी बी हाय!" नुमेरी पुजाऱ्याला ओरडून म्हणाला. "बिघडवून आणलाय!"

अक्का पुढे झाली. तिनं तांबड्याच्या तोंडावरचा फेस बोटानं पुसला आणि पुजाऱ्यादेखत चाटला. "दूध हाय," ती म्हणाली. "मीठ कमी पडलंय."

पुजारी हसला नाही. त्या माणसाला हसणं माहीत नसावं, पण नियम माहीत होते. तो सावकाश म्हणाला, "मागणी बैलाची आणि तो नेणाऱ्या माणसांची होती. बैल आला. माणसं कुठं आहेत?"

नुमेरीचा चेहरा उजळला. मी एक पाऊल मागे सरकलो. दाजी तर दावं हातात धरून दगड झाले होते.

"त्यो आपल्या पायांनी आला, म्हाराज," अक्का म्हणाली. "न्हेणारा बी त्योच आन् न्हेलेला बी त्योच. माल बी घ्या, चोर बी घ्या. एकाच दाव्याला हायत."

"तुमचा म्होरक्या चावडीवर म्हणाला की आम्ही आणला."

"आमचा म्होरक्या म्हंतो की त्यानं तरुणपणी लांडगा दातानं फाडला. त्याला दात तीन हायत. नुमेरीला इचारा की. कुंपण कुणाचं मोडलं हुतं?"

पुजाऱ्यानं कमरेच्या पिशवीतून काळी गारगोटी काढली आणि नुमेरीच्या हातावर ठेवली. तो जुपितराचा दगड. तो हातात घेऊन खोटं बोलणाऱ्याचं काय होतं ते सांगत नाहीत, पण कुणी खोटं बोलत नाही. नुमेरीनं तो दगड या हातातून त्या हातात घेतला.

"भगदाड हुतं," तो शेवटी म्हणाला. "बुजवीन बुजवीन म्हंत हुतो."

"तुमी आण घेतलीया, म्हाराज," अक्का हळूच म्हणाली. "अन्यायानं मागत असलो तर पाय घराला लागू नयेत म्हणून. बैल तुमच्या हद्दीत उभा हाय. आता भाला टाकायचा तर टाका. फकस्त घरी न्याहारी काय केली आसंल त्याचा इचार करा."

पुजाऱ्यानं आपल्या पायांकडे पाहिलं. मग भाला खांद्यावर टाकला, म्हणाला, "मागणी फिटली," आणि तो साक्षीदारांना घेऊन रोमच्या वाटेला लागला. जाताना तो पाय जरा जपूनच टाकत होता.

नुमेरी तांबड्याच्या गळ्यात हात घालून तिथंच बसला. वाईट वाटलं मला त्याचं. दाजींना तर इतकं वाटलं की ते त्याला अर्धी पेंडी पाला द्यायला निघाले. अक्कानं त्यांना अंगरख्याला धरून मागे ओढलं.

"त्येची एक काडी घ्यायची न्हाई आन् आपली एक काडी द्यायची न्हाई," ती म्हणाली. "आधी भिंत घाला."

त्या हिवाळ्यात दाजींनी शिवेवर दगडी भिंत घालायला घेतली. गावानं टर उडवली. रोमकरांचं कुंपण अर्कुलाच्या माणसानं घालायचं, असं कुठं असतं का? फेर्तोर बैल गेल्यापासून आमच्याशी बोलत नव्हता, तोही मुद्दाम येऊन हसून गेला. भिंत गुडघ्याएवढी झाली आणि आमच्या रानातले दगड संपले. दाजींचे हात थंडीनं फुटले होते. मी म्हटलं, दाजी, आता पुरे करा.

एका सकाळी पलीकडून नुमेरी आला, हातात मोठा दगड. "ह्यो बसंल बघ तिथं," तो म्हणाला.

अक्का बाजाराला गेली होती. दाजींनी इकडंतिकडं पाहिलं आणि दगड घेतला. दुसऱ्या दिवशी नुमेरीनं पाच दिले. म्हणाला, माझ्या रानातलं तेवढंच ओझं कमी. अक्काला समजलं तेव्हा भिंत कमरेला आली होती. ती चिडली, पण नुमेरीनं बैलाचा राग मनात धरला नाही याचं तिलाही बरं वाटलं असावं, कारण तिनं एक दिवस भिंतीवरून त्याला गरम लापशी दिली. मीही काही दगड घेतले. वसंतात भिंत छातीएवढी उभी राहिली, आणि तिच्या अलीकडे खपली अशी काही वर आली की लोक वाट वाकडी करून बघायला यायचे. तिची लोंबी बाहेर पडली तेव्हा दाजी रोज सकाळी भिंतीवर चढून बसायचे, नुसते बघत.

तसेच ते बसले होते. अंगरखा नीट होता, पोट बरं होतं. समोरून लोकरीची पट्टी बांधलेला पुजारी आला, भिंतीच्या टोकाला वळसा घालून आमच्या हद्दीत शिरला आणि भिंतीवरच्या पहिल्या माणसासमोर उभा राहिला.

"हे जुपितरा, ऐक! हे अर्कुलाच्या शिवांनो, ऐका! रोमच्या नुमेरीचे दगड, दोनशे अकरा, अर्कुलाच्या लोकांनी नेले आहेत..."

"पर त्यानंच दिलं की!" दाजी ओरडले.

पुजाऱ्यानं डोळे मिटले आणि पहिल्यापासून म्हटलं. दोनशे अकरा. नुमेरीनं एकेक मोजून दिला होता. "...ते दगड आणि ते नेणारी माणसं आमच्या हवाली करा. आजपासून तेहतीस दिवसांची मुदत."

पलीकडे नुमेरी उभा होता, पण तो आमच्याकडे बघत नव्हता. अक्का खुरपं टाकून आली. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो, आता ही काय काढते म्हणून. पण दगड काही आपल्या पायांनी चालत आले नव्हते. नेणारी माणसं होती. एक भिंतीवर बसला होता आणि एक मी होतो.

"कापणीला किती दिस हायत?" तिनं विचारलं.

"चाळीस," दाजी म्हणाले.

अक्का शेताकडे बघत राहिली.  मग ती घरात गेली, विळा आणला, भिंतीच्या एका दगडावर पाणी टाकलं आणि धार लावायला बसली.

"बत्तिसाव्या दिसाला कापू," ती म्हणाली. "हिरवी तर हिरवी. भाजून खाऊ. तेहतिसाव्याला त्यांचं दगड त्यांना मोजून देऊ, आन् जमीन घ्यायला आलेच तर रानात नुसती धसकटं ठेवू."

दाजी भिंतीवरून उतरले. "आन् मला?" त्यांनी विचारलं.

अक्काचा हात थांबला नाही.

"दगड त्यांचं हायत, त्ये देऊ," ती म्हणाली. "तुमी माझं हायसा."